लोह काढायचं, किडनी राखायची

माझी भाची सकाळी उठली की आधी ग्लासभर पाण्यात तिच्या गोळ्या टाकते. त्या साखरेसारख्या विरघळत नाहीत. चमच्याने ढवळत राहिलं की पाणी फळ्यावरच्या खडूची भुकटी कालवल्यासारखं पांढरट होतं. ते ती एका दमात पिते. मग तळाशी आणि काचेला चिकटलेला गाळ वाया जाऊ नये म्हणून त्याच ग्लासात पुन्हा घोटभर पाणी घालते, हिंदकळवते आणि तेही पिते. त्यानंतर अर्धा तास पोटात काही जायचं नाही, चहासुद्धा नाही. तिला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे शरीराला पुरेसं हिमोग्लोबिन बनवता येत नाही असा जन्मजात रक्ताचा आजार. दर तीन आठवड्यांनी रक्ताच्या दोन पिशव्या चढतात, आणि त्या रक्तातून येणारं जादा लोह बाहेर काढण्यासाठी हे औषध आहे. त्याचं नाव डेफेरासिरॉक्स.

तिला दर महिन्याला क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं गाळणं मंदावलं की रक्तात वाढणारा पदार्थ, तपासायला जावं लागतं. एकदा माझ्या आईने मला विचारलं, "आजार रक्ताचा. लोह साठतं लिव्हरमध्ये आणि हृदयात. मग दर महिन्याला किडनीची तपासणी कशाला?"

मी औषधी रसायनशास्त्र शिकवतो. तरी आईला दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही, कारण या प्रश्नामागे चाळीसेक वर्षांचं संशोधन आहे आणि त्याचा बराचसा भाग अपयशाचा आहे. ते अपयश समजून घेतल्याशिवाय हे औषध असं का आहे ते कळत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

आधी हिशेब. रक्ताच्या एका पिशवीत साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह असतं. आपलं शरीर दिवसाला जेमतेम 1 मिलिग्रॅम लोह बाहेर टाकतं, तेही ठरवून नाही. त्वचेच्या आणि आतड्याच्या पेशी झडतात, त्यांच्याबरोबर ते जातं. जादा झालेलं लोह बाहेर फेकण्याची सोयच निसर्गाने आपल्याला दिलेली नाही. म्हणजे एका पिशवीतून आलेलं लोह आपसूक जायला सहा ते आठ महिने लागतील, आणि इथे तीन आठवड्यांत पुढच्या दोन पिशव्या हजर. वर्षाला सात-आठ ग्रॅम लोह आत येतं. निरोगी प्रौढ माणसाच्या अख्ख्या शरीरात मिळून तीन-चार ग्रॅम असतं.

रक्तात लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन आहे. त्याच्या जागा भरल्या की उरलेलं लोह मोकाट सुटतं. मोकाट लोह पेशींत तयार होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे अत्यंत आक्रमक कण तयार होतात आणि पेशीची आवरणं, प्रथिनं, डीएनए जे हाताला लागेल ते जाळत सुटतात. यकृत, हृदय, स्वादुपिंड, वाढीच्या ग्रंथी हळूहळू निकामी होत जातात. लोह काढण्याची औषधं नव्हती तेव्हा नियमित रक्त मिळणारी मुलंसुद्धा बहुधा विशीच्या आसपास हृदय बंद पडून जायची. रक्ताने जगवायचं आणि त्याच रक्तातल्या लोहाने न्यायचं, असा तो पेच होता. सिंधी, लोहाणा, कच्छी अशा समाजांत हा आजार जास्त असल्यामुळे मुंबई, उल्हासनगर, नागपूर भागातल्या कित्येक घरांनी हे जवळून पाहिलं आहे.

लोह पकडून बाहेर नेण्याला चिलेशन म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ खेकड्याची नांगी. कोकणातल्या वाचकाला याहून जास्त समजवायची गरज नाही. खेकडा एका नांगीने धरतो तेव्हा झटकून सुटता येतं, दोन्हींनी धरलं की सुटका नाही. शरीरात जे लोह धरायचं असतं त्या लोहाच्या अणूभोवती धरायच्या सहा जागा असतात: वर, खाली आणि चार बाजूंना. या सहाही जागा औषधाने भरल्या तर लोह पूर्ण बंदिस्त होतं आणि कुठलीही रासायनिक उचापत करू शकत नाही. दोन-तीनच भरल्या तर अर्धवट धरलेलं लोह उघड्या बाजूने पेरॉक्साइडशी झटापट सुरूच ठेवतं. कधी कधी ते मोकाट लोहापेक्षाही वाईट.

पहिलं चांगलं औषध जिवाणूंकडून मिळालं. मातीतलं लोह गंजाच्या रूपात असतं, पाण्यात उतरत नाही. त्यामुळे जिवाणू लोह पकडून आणणारे रेणू स्वतः बनवून बाहेर सोडतात आणि लोहासकट परत आत ओढून घेतात. स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत आणि झुरिकच्या तंत्रविद्यापीठात 1960च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिस पायलोसस या जिवाणूपासून असा एक रेणू वेगळा केला गेला. तोच डेफेरॉक्सामिन, म्हणजे डेस्फेराल. त्याचा एकच रेणू लोहाच्या सहाही जागा धरतो आणि पकड जबरदस्त. पण तो पोटातून रक्तात जात नाही, आणि इंजेक्शनने दिला तर वीसेक मिनिटांत निम्मा संपतो. म्हणून कातडीखाली सुई, कमरेला छोटा पंप, रात्रीचे आठ ते बारा तास, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. सकाळी लघवी लालसर झाली की आया म्हणायच्या, "लोह निघालं." पोटावर आणि मांडीवर गाठी उठायच्या. पोरं वयात आली की पंप लावायला नकार द्यायची, आणि त्यात काही जीव गमवायची. इतकं चांगलं औषध केवळ घेता येत नाही म्हणून वाया जायचं.

त्यामुळे सगळ्यांना गोळी हवी होती. 1980च्या दशकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट हायडर आणि जॉर्ज कोंतोगिऑर्गिस यांनी डेफेरिप्रोन हा अगदी छोटा रेणू शोधला. तो लोहाच्या दोनच जागा धरतो, म्हणून एका लोहाला तीन रेणू लागतात. याच्या इतिहासात मुंबईला मानाची जागा आहे. डॉ. एम. बी. अगरवाल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या भारतीय चाचणीचे निष्कर्ष 1992 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि सिप्लाने हे औषध केल्फर नावाने 1990च्या दशकाच्या मध्यात बाजारात आणलं. अमेरिकेत त्याला मंजुरी मिळायला 2011 उजाडलं. त्याचा धोका वेगळा: शंभरातल्या एखाद्या रुग्णात पांढऱ्या पेशी एकदम कोसळतात. किडनीला मात्र ते फारसं छळत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता किडनीकडे वळू. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा दर मिनिटाला दोन्ही किडन्यांमधून जातो. दिवसभरात त्यातून सुमारे 180 लिटर पाणी गाळलं जातं, आणि लघवी होते दीड लिटर. बाकीचं सगळं परत घ्यावं लागतं. हे परत घेण्याचं दोन-तृतीयांश काम गाळणीच्या लगेच पुढची नळी करते. तिला निकट नलिका म्हणू. साखर, अमिनो आम्लं, फॉस्फेट, मीठ सगळं तिथेच वेचून रक्तात परत जातं. पूर आलेल्या नदीतून धान्याचा दाणा न दाणा टिपून घरात आणावा तसं हे काम आहे, आणि ते ऊर्जेशिवाय होत नाही. म्हणून या नळीच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी ठासून भरलेल्या असतात. मायटोकॉन्ड्रिया ऊर्जा बनवते ती लोह असलेल्या प्रथिनांच्या साखळीवर. म्हणजे निकट नलिकेला स्वतःला लोह हवंच असतं, आणि रोज हवं असतं.

दुसरी अडचण अशी की याच पेशींच्या रक्ताकडच्या बाजूला आम्लधर्मी पदार्थ ओढून घेणारे पंप आहेत. शरीरातली घाण आणि बरीच औषधं ते रक्तातून उचलतात, पेशीत भरतात आणि मग पलीकडे लघवीत सोडतात. त्यामुळे काही औषधांचं प्रमाण रक्तात बेताचं असलं तरी या पेशींच्या आत ते कितीतरी जास्त होतं. लोह धरणारे बरेच रेणू आम्लधर्मीच असतात, कारण लोहाला धरायला ऑक्सिजनचे ऋणभारित हात लागतात. आता चित्र पाहा: लोह पकडण्यात तरबेज असलेला रेणू, आणि तो जाऊन साचतो कुठे, तर लोहावाचून जिचं पान हलत नाही त्या पेशीत.

पेशी दुखावली की नळी वेचायचं काम सोडते. साखर, फॉस्फेट, अमिनो आम्लं लघवीवाटे वाहून जायला लागतात. याला फॅन्कोनी सिंड्रोम म्हणतात. रक्तातली साखर नेहमीची असताना लघवीत साखर दिसली तर डॉक्टरांनी कान टवकारायला हवेत, ते याचसाठी. लहान मुलांत फॉस्फेट गळत राहिलं तर हाडं मऊ पडतात.

इथून पुढची गोष्ट मला सगळ्यात जवळची आहे. 1980 मध्ये सिबा-गायगीच्या संशोधकांनी स्ट्रेप्टोमायसिस अँटिबायोटिकस या जिवाणूपासून डेस्फेरिथायोसिन नावाचा रेणू मिळवल्याचं जाहीर केलं. तो लोहाच्या तीन जागा धरतो, म्हणजे दोन रेणूंत लोह पूर्ण बंद. रेणू छोटा, आणि मुख्य म्हणजे तोंडाने दिला तरी उत्तम काम करतो. हवं ते सगळं मिळालं, फक्त तो किडनीला विषारी निघाला. प्राण्यांवरच्या प्रयोगांतच निकट नलिकेची वाट लागली आणि औषध म्हणून तो बाद झाला.

फ्लोरिडा विद्यापीठातले रेमंड बर्जेरॉन यांनी मात्र त्याला सोडलं नाही. त्यांचा प्रश्न साधा होता: रेणूचा लोह धरणारा भाग आणि किडनी मारणारा भाग वेगळे करता येतील का? शिंप्याने कोट उसवून पाहावा तसा त्यांनी हा रेणू उसवला. अणूंच्या एका कडीतला नायट्रोजन काढून पाहिला. एक मिथाइल गट काढून पाहिला. किडनीचा त्रास कमी झाला, पण पोटाचा आणि आतड्याचा वाढला. मग कडीवर ठरावीक जागी एक हायड्रॉक्सिल गट बसवला, तेव्हा तोही त्रास बराच उतरला. लोह धरणारे तीन हात तसेच ठेवून भोवतीची सजावट बदलत जायची, असा हा वर्षानुवर्षांचा उद्योग. एकेक बदल म्हणजे नव्याने रेणू बनवायचा, शुद्ध करायचा, उंदरांना द्यायचा, माकडांना द्यायचा, किती लोह निघालं ते मोजायचं आणि मग किडनीचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे.

या सगळ्यात एक माप पुन्हा पुन्हा पुढे येतं. ते मी विद्यार्थ्यांना हाताने करून दाखवतो. काचेच्या एका नळीदार भांड्यात खाली पाणी आणि वर ऑक्टेनॉल नावाचा तेलकट द्रव घ्यायचा. त्यात औषध टाकायचं, झाकण लावून भरपूर हलवायचं आणि भांडं स्टँडला अडकवून शांत ठेवायचं. दोन थर हळूहळू वेगळे होतात, मधली रेघ स्पष्ट होते. मग खालची तोटी उघडून पाणी वेगळं काढायचं आणि कुठल्या थरात किती औषध गेलं ते मोजायचं. तेलाच्या थरात जास्त गेलं तर रेणूचा ओढा तेलाकडे, पाण्यात जास्त राहिलं तर पाण्याकडे. एवढ्याशा प्रयोगातून हा रेणू शरीरात कुठे जाईल याचा बराच अंदाज येतो, कारण पेशीचं आवरण चरबीचंच असतं.

बर्जेरॉन यांच्या गटाला दिसलं ते असं: एकाच घराण्यातल्या रेणूंत ज्याचा तेलाकडे ओढा जास्त, तो लोह जास्त काढतो, कारण पेशींच्या आत सहज शिरतो. पण बहुतेक वेळा तोच जास्त विषारीही असतो. गुण आणि दोष एकाच धाग्याने बांधलेले. तेलकटपणा कमी करावा तर औषध लुळं पडतं, वाढवावा तर किडनी जाते.

ही गाठ थोडी सैल झाली ती पॉलिइथर साखळीमुळे. रेणूच्या कडीवर कार्बन आणि ऑक्सिजन आलटून-पालटून असलेली एक छोटी शेपटी लावली. तिच्यातल्या ऑक्सिजनांमुळे रेणू पाण्यात रमतो, म्हणजे नियमाप्रमाणे त्याने लोह कमीच काढायला हवं होतं. प्रत्यक्षात उंदरांत तो शेपटी नसलेल्या मूळ रेणूपेक्षा कितीतरी पट जास्त लोह काढू लागला, माकडांतही सरस ठरला, आणि उंदरांच्या निकट नलिका शाबूत राहिल्या. रसायनशास्त्रात असे क्षण फार थोडे येतात. नियम मोडणारं एक उदाहरण हाती लागतं आणि अचानक मोकळी जागा दिसते.

किडनी शाबूत आहे हे ठरवायचं कसं, हाही इथे कळीचा मुद्दा आहे. क्रिएटिनिन उशिरा बोलतं. बऱ्यापैकी नुकसान झाल्याशिवाय ते ठळकपणे वाढत नाही. म्हणून या संशोधनात किम-1 नावाचं प्रथिन वापरलं गेलं. निकट नलिकेच्या निरोगी पेशींत ते जवळजवळ नसतं. पेशी दुखावली की ते तिच्या पृष्ठभागावर उगवतं आणि तुटून लघवीत येतं. उंदराच्या लघवीत किम-1 चढताना दिसलं की समजायचं, हा रेणू गोड बोलून घात करणारा आहे. अशा लवकर बोलणाऱ्या खुणांमुळे वाईट रेणू प्रयोगशाळेतच गळतात. माणसांच्या किडन्या पणाला लावाव्या लागत नाहीत, निदान तितक्या नाहीत.

तितक्या नाहीत असं म्हणण्याचं कारण माणसांवरच्या चाचण्या. या घराण्यातले तीन रेणू तिथवर पोहोचले. पहिला डेफेरिट्रिन, हायड्रॉक्सिल गट बसवलेला. दिवसातून दोनदा देऊन पाहिल्यावर काही रुग्णांचं क्रिएटिनिन वाढलं. औषध थांबवल्यावर ते उतरलं, पण चाचणी तिथेच संपली. दुसरा डेफेरिटाझोल, पॉलिइथर शेपटीचा. फेरोकिन नावाच्या छोट्या कंपनीने तो पुढे नेला, 2012 मध्ये शायर या औषध कंपनीने ती विकत घेतली, रुग्णांवरचे सुरुवातीचे निष्कर्ष आशादायक होते. पण 2014 मध्ये उंदरांवरच्या अभ्यासात आढळलेल्या गोष्टींमुळे चाचण्या थांबवाव्या लागल्या. तिसरा एसपी-420, शेपटी तीच पण कडीवर शेजारच्या जागी लावलेली. प्राण्यांत हा आणखी सौम्य ठरला होता. थॅलेसेमियाच्या रुग्णांवरच्या त्याच्या चाचणीचा अहवाल 2017 मध्ये आला: लघवीत प्रथिनं, वाढलेलं क्रिएटिनिन, एका रुग्णाला फॅन्कोनी सिंड्रोम. चाचणी मुदतीआधीच थांबवली.

हे वाचून मन खट्टू होतं, आणि व्हायलाच हवं. एवढ्या हुशारीने उसवून शिवलेला कोट माणसाच्या अंगावर चढवला की पुन्हा तिथेच टोचतो. पण मला या निकालांत एक धागा दिसतो. डेफेरिट्रिन बिघडलं ते दिवसातून दोनदा दिल्यावर. एसपी-420 पुढे डेन्मार्कच्या फार्माकॉसमॉस कंपनीकडे आलं आणि त्यांनी ते रोज न देता आठवड्यातून तीनदा देण्याच्या चाचण्या हाती घेतल्या. म्हणजे रेणू कसा आहे एवढंच पुरेसं नाही. तो पेशीत किती वेळ रेंगाळतो आणि पेशीला सावरायला किती सवड मिळते, हेही तितकंच मोलाचं. औषध नसतानाच्या त्या दिवसांत निकट नलिका स्वतःची लोहाची प्रथिनं पुन्हा उभी करू शकते, असा हा तर्क आहे.

याच तर्काच्या जवळचा एक विचार बर्जेरॉन यांच्या गटाने मांडला. मला तो फार आवडतो. रेणू आत जाताना तेलकट असू दे, म्हणजे आतड्यातून नीट शोषला जाईल आणि पेशींत शिरून लोह काढेल. पण त्याच्या रचनेतच अशी जागा ठेवायची की शरीरातली एन्झाइमं त्याला लवकर बदलून पाणीप्रिय आणि निरुपद्रवी करून टाकतील. उत्सवात सजून आलेला पाहुणा आणि काम झाल्यावर साध्या कपड्यांत निघालेला पाहुणा, माणूस एकच.

आता डेफेरिप्रोन आठवा. लक्षात ठेवायला सांगितलं होतं. ते जवळजवळ सगळं लघवीवाटेच बाहेर पडतं, तरी किडनीला फार त्रास देत नाही. उलट डेफेरासिरॉक्स मुख्यतः पित्तातून शौचावाटे जातं, लघवीत दहा टक्क्यांहूनही कमी. तरी किडनीची भीती त्याचीच. त्यामुळे किडनीतून बाहेर पडतं म्हणून किडनी बिघडवतं, हा सरळसोट समज इथे लागू पडत नाही. डेफेरिप्रोनच्या लोह धरणाऱ्या हातावरच यकृत एक साखरेसारखा गट चिकटवून टाकतं. किडनीत पोहोचेपर्यंत बहुतेक रेणूंचे हात बांधलेले असतात. डेफेरासिरॉक्स रक्तात 99 टक्के अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतं, गाळणीतून फारसं जात नाही, पण बऱ्यापैकी तेलकट असल्यामुळे पेशींत शिरतं, आणि आत शिरतं तेव्हा त्याचे हात मोकळे असतात. निकट नलिकेच्या पेशींवरच्या प्रयोगांत त्याने मायटोकॉन्ड्रिया फुगलेल्या दिसल्या आहेत. म्हणून नवा रेणू आखताना विचारायचा प्रश्न बदलतो. किडनीतून जातो का, हे दुय्यम. किडनीच्या पेशीत असताना त्याचे हात मोकळे आहेत का, हे मुख्य.

आणखी एक वाट अगदी वेगळी आहे. पेशीत शिरूच द्यायचं नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या गटाने 2019 मध्ये अशा नॅनोचिलेटरची माहिती प्रसिद्ध केली. जुन्या विश्वासू डेफेरॉक्सामिनचे अनेक रेणू त्यांनी एका लांब साखळीवर बसवले. साखळीचा आकार मुद्दाम असा ठेवला की रक्तात ती थोडी जास्त टिकेल, पण किडनीच्या गाळणीच्या भोकांतून मात्र निसटून जाईल. साखळीवर धन आणि ऋण भारांचा तोल साधला की ती पेशींना चिकटत नाही. लोह पकडायचं, गाळणीतून घसरायचं आणि नळीच्या भिंतीला न शिवता लघवीत उतरायचं. उंदरांत हे जमलं. ही गोळी नाही, इंजेक्शन आहे, आणि माणसापर्यंतचा पल्ला लांब आहे. तरी डेस्फेरालची पकड हवी आणि रात्रभराचा पंप नको, या जुन्या इच्छेच्या ती बरीच जवळ आहे.

दुसऱ्या काही गटांनी हात झाकलेले रेणू बनवले आहेत. लोह धरणाऱ्या हातावर बोरॉनचं टोपण असतं, आणि जिथे हायड्रोजन पेरॉक्साइड माजलं आहे तिथेच ते निघतं. म्हणजे मोकाट लोह जाळपोळ करत असेल तिथेच रेणू जागा होणार, शांत पेशीत झोपून राहणार. कल्पना सुंदर आहे, औषध अजून झालेलं नाही.

तोवर हाती आहे ते डेफेरासिरॉक्स. 2005 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि दिवसातून एकदा घ्यायच्या या औषधाने लाखो रात्री पंपापासून सोडवल्या. त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांत साधारण तिघांतल्या एकाचं क्रिएटिनिन थोडं वाढलं होतं. बहुतेकांत ते तिथेच थांबलं किंवा डोस कमी केल्यावर उतरलं. गंभीर इजा कमी लोकांना होते, पण होते. म्हणून त्याच्या माहितीपत्रकावर किडनीचा इशारा सगळ्यात वर चौकटीत छापलेला असतो.

इशाऱ्याच्या तपशिलात एक फार बोलकी गोष्ट आहे: शरीरातलं जादा लोह उतरत आलेलं असताना डोस तसाच मोठा ठेवला तर धोका वाढतो. प्राण्यांतही लोहाने भरलेल्यांपेक्षा लोह नेमकंच असलेल्यांच्या किडन्या जास्त बिघडल्या. रेणूचे मोकळे हात जादा लोहाने भरले तर ठीक, नाहीतर ते घरातलं गरजेचं लोह उचलायला लागतात. म्हणून लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासणीत खाली आलं की आनंद करायचा, पण त्याच दिवशी डॉक्टरांना डोसबद्दलही विचारायचं. आपल्याकडे "रिपोर्ट छान आलाय" म्हणून पुढची भेट लांबवण्याची पद्धत आहे. या औषधाच्या बाबतीत छान रिपोर्टच भेटीचं कारण असतो. स्वतःच्या मनाने मात्र डोस कमी-जास्त करायचा नाही, आणि अंग दुखतंय म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून वेदनाशामक गोळीही विचारल्याशिवाय घ्यायची नाही. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा आखडवतात.

आईला हे सगळं मी एका पावसाळ्यात सांगितलं, कारण तेव्हा गरज पडली. भाचीला दोन दिवस उलट्या आणि जुलाब होत होते. आईने सवयीने ग्लासात गोळ्या टाकल्या आणि ढवळायला घेतल्या. "पोटात अन्न नाही तर निदान औषध तरी जाऊ दे," म्हणाली. मी ग्लास बाजूला ठेवायला सांगितला आणि भाचीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनीही तेच सांगितलं. अंगातलं पाणी कमी झालं की किडनीकडे रक्त कमी जातं, गाळणं मंदावतं, आणि त्याच वेळी औषध तेवढंच आत जात राहिलं तर नळीच्या पेशींना ते झेपत नाही. लोह चार दिवस जास्त राहिलं तर काही बिघडत नाही, ते साठायला वर्षं लागली आहेत. किडनी बिघडायला चार दिवस पुरतात.

ग्लासातलं पांढरं पाणी खाली बसत गेलं, वर नितळ थर आला. आईने ते बराच वेळ पाहिलं आणि मग मोरीत ओतलं. भाचीला मीठ-साखरेचं पाणी सुरू झालं. तिसऱ्या दिवशी तिने वरण-भात खाल्ला, पाचव्या दिवशी क्रिएटिनिन आणि लघवी तपासली. आकडे नेहमीचे आले, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर सहाव्या दिवशी सकाळी ग्लासात पुन्हा गोळ्या पडल्या.